दोरी धरायला कुणीतरी

"धबधब्याकडे कुत्रा नेता येत नाही," फाटकावरचा रखवालदार म्हणाला. "कुणाकडे तरी धरायला द्या आणि जाऊन या."

"माझ्याबरोबर कुणी नाही," कुत्र्याची दोरी धरून उभा असलेला माणूस म्हणाला.

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यामागच्या खोलीत चाळीस वर्षं बसून त्याने लोकांच्या तोंडात दात बसवले. लग्न मात्र राहूनच गेलं. थोरला भाऊही तसाच सडाफटिंग. दोघं एका घरात राहायचे आणि दरवर्षी सुट्टीत दादाच्या कुत्र्याला, ढब्बूला, गाडीत मागे घालून फिरायला निघायचे. किल्ला असो की बाग, ढब्बूला आत मज्जाव ठरलेलाच. मग एकाने बाहेर दोरी धरायची, दुसऱ्याने आत जायचं, नंतर पाळी बदलायची. इतक्या वर्षांत एकही जागा दोघांनी मिळून पाहिली नव्हती.

या धबधब्यालाही ते आले होते. दादा आधी गेला आणि परत येऊन त्याने वर्णनाचं असं काही लांबण लावलं, की फाटक बंद व्हायची वेळ झाली. "पाणी नाही रे ते, आभाळ कोसळतंय! आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही!"

"बरं, मी पुढच्या वेळी बघतो," हा म्हणाला होता.

गेल्या हिवाळ्यात दादा गेला.

"द्या इकडे, भाऊ," बाकावर बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "माझी माणसं आत गेलीत. मला पायऱ्या झेपत नाहीत. चावत नाही ना?"

"चावायला दात कुठे उरलेत? आणि याची कवळी मला जमत नाही."

बाई हसल्या. ढब्बू त्यांच्या पायाशी फतकल मारून बसला. हा एकटाच दोनशे पायऱ्या उतरला, आणि पाहतो तर काय, काळ्या कड्यावरून मनगटाएवढी एक धार पडत होती. पलीकडच्या काठावरची दोन माणसं चपलांच्या भावाबद्दल बोलत होती. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"काय रे थापाड्या!" तो मोठ्याने म्हणाला आणि हसत सुटला. शेजारच्या माणसाने वळून पाहिलं, तसा गप्प झाला.

वर चढताना दादाला काय काय सुनावायचं, ते तो मनात जुळवत होता. शेवटच्या वळणावर भानावर आला आणि कठडा धरून थोडा वेळ उभा राहिला.

बाईंची माणसं परतली होती, गाडी सुरू होती. बाईंनी घाईघाईने दोरी त्याच्या हातात दिली. "कसा आहे?"

त्याला खूप काही सांगायचं होतं. "बरा आहे. पाणी कमी आहे."

"मग बरं झालं, मी नाही उतरले!" म्हणत त्या गेल्या.

दुपारी तो तळ्यावर गेला. तिथे कुत्र्याला मनाई नव्हती. अर्ध्या वाटेत ढब्बूने बसकण मारली. एका तरुण जोडप्याने त्याच्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला आणि विचारलं, "काका, तुमचाही काढू?"

तो नको म्हणाला, मग सरळ उभा राहिला.

"कुत्र्याला इकडे बघायला सांगा ना!"

"आमचं ऐकतोय कोण?"

त्यांनी फोटो लगेच त्याच्या फोनवर पाठवला. ढब्बूचं तोंड पाण्याकडे, याचे डोळे मिटलेले. पुढे पाठवावा असं कुणी नव्हतं. त्याने फोन खिशात ठेवला आणि ढब्बू उठेपर्यंत तिथेच उभा राहिला.