दीड किलोच्या आत

मी वजनकाटा बोलतोय. हंगेरीतल्या एका भांड्यांच्या कारखान्याचा वजनकाटा. आवाज जरा जड वाटेल, पण ओतीव लोखंडाचा जन्म आहे माझा, त्याला इलाज नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. मी आजवर एका ग्रॅमचंही खोटं बोललेलो नाही.

एकोणीसशे त्रेपन्न साली बुडापेस्टच्या एका फाउंड्रीत मला ओतलं. दांडीवर किलो-ग्रॅमच्या खुणा कोरल्या, सरकारी शिक्का मारला आणि आगगाडीत घालून या गावी पाठवलं. कारखान्यात इनॅमलची पातेली आणि अंगणात टांगून गुलाश, म्हणजे मांसाचा रस्सा, शिजवायचे हंडे बनायचे. माल बाहेर पडायच्या दारातच माझी जागा होती. माझ्या फळीवर चढल्याशिवाय एकही पेटी गाडीत जात नसे, त्यामुळे मी थोडा शेफारलोही होतो.

त्या काळी वर्षभरात किती माल काढायचा हे राजधानीतून ठरून यायचं, आणि तेही टनांत. पातेली किती, झाकणं बसतात की नाही, हे कुणी विचारत नसे. टन भरले की झालं. मग आमच्या लोकांनी डोकं चालवलं. पत्रा जाड घेतला की तेवढ्याच पातेल्यांत जास्त टन भरतात. प्रेस विभागाचा काल्मानमिस्त्री या विद्येत सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या पातेल्याचा तळ असा की चोराच्या डोक्यात घातलं तर पोलिसांना बोलवायची गरज नाही, अशी गावात थट्टा चाले. पण डिसेंबर आला आणि आकडा कमी पडू लागला की सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत. तो शेवटच्या आठवड्यात नुसते हंडे काढायचा. माझी दांडी खाडकन वर जायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. त्याला त्याबद्दल पदकही मिळालं. माल मालगाडीने पूर्वेला जायचा आणि तिकडून कधी तक्रार आली नाही.

खरं सांगतो, मलाही ते आवडायचं. जड म्हणजे चांगलं, असं मला वाटायचं. काट्याला तरी दुसरं काय कळणार?

मग नव्वद साल आलं, टनांचं राज्य गेलं आणि पूर्वेकडचं गिऱ्हाईक एका हिवाळ्यात नाहीसं झालं. सातशे माणसांची दीडशे झाली. दुकानांत इटलीची रंगीत, हलकी भांडी आली आणि आमचेच लोक ती घ्यायला रांग लावू लागले. आमच्या दोन भट्ट्या विझल्या. माझ्या फळीवर लोक सायकली टेकवू लागले. कधीकाळी ज्याच्यापुढे डायरेक्टर टोपी काढायचा, त्याची ही अवस्था झाली. मी मुकाट्याने सायकलींची वजनं करत राहिलो.

काही वर्षांनी नवा मॅनेजर आला, सिलार्द नावाचा, तिशीतला, कायम घाईत. देश युरोपच्या संघात जाणार अशी बोलणी तेव्हा चालू होती, आणि तो म्हणायचा, दार उघडण्याआधी आपला पाय त्यात असला पाहिजे. त्याने दोन वर्षं पत्रं लिहून लिहून जर्मनीचा एक व्यापारी मिळवला. व्यापाऱ्याने एक नमुना मागवला. चार लिटरचं पातेलं, झाकणासकट दीड किलोच्या आत, तळ सपाट. नमुना पसंत पडला तर तीन वर्षांचं काम मिळणार होतं. नाही पडला तर वसंतात कारखान्याला कुलूप लागणार होतं, आणि हे दीडशेच्या दीडशे जणांना माहीत होतं.

काल्मानमिस्त्रीने पातेलं घडवलं. सिलार्द त्या दिवशी बँकेत गेला होता. मिस्त्रीने ते माझ्यावर ठेवलं आणि मी खरं ते सांगितलं. दोन किलो सहाशे.

इनॅमल विभागाची गिझीमावशी शेजारीच उभी होती. तिने भुवया उंचावल्या तर तो म्हणाला, "अगं, पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला कुणी मोजून वाढतं का? पत्रा चांगला सढळ हाताने घातलाय."

पेटी गेली. महिन्याने परत आली. बरोबरचं पत्र सिलार्दने माझ्याजवळच उभं राहून मोठ्याने वाचलं. काम सुरेख आहे, पण हे पातेलं भरल्यावर म्हातारी माणसं उचलू शकणार नाहीत. सहा आठवड्यांत दुसरा नमुना पाठवावा, तिसरा पाहिला जाणार नाही.

"काल्मानकाका, दीड किलो लिहिलं होतं," सिलार्द एवढंच म्हणाला.

मिस्त्री भडकला. तीस वर्षं राबून ज्या हाताने पदक मिळवलं त्याला हा पोरगा शिकवणार का, म्हणाला. पातळ पत्र्याची भांडी म्हणजे फसवणूक, असंही म्हणाला. गिझीमावशी हातातलं पातेलं खाली ठेवून त्याच्यासमोर आली. वर्षानुवर्षं तीच ती भांडी इनॅमलच्या पातळ लगद्यात बुडवून, मनगटाला झटका देऊन जास्तीचा लगदा निथळवायची. तिच्या मनगटाला कायम पट्टी असे.

"मिस्त्री, एक सांगू? रागावू नका," ती म्हणाली. "चार वर्षं झाली, माझ्या घरी इटलीचंच पातेलं आहे. तुमचं माझ्याच्याने उचलवत नाही."

त्याचा चेहरा उतरला. तो निघून गेला आणि दोन दिवस कामावर फिरकला नाही. ते दोन दिवस मला फार जड गेले.

तिसऱ्या दिवशी तो आला तो थेट माझ्यासमोर उभा राहिला. आपलं जुनं पातेलं माझ्यावर ठेवलं आणि दांडीकडे बराच वेळ बघत राहिला. मग प्रेसवर गेला. तिथे त्याने काढलेली विद्या तीस वर्षांची नव्हती, त्याहून जुनी होती. महायुद्धाच्या आधी तयार झालेल्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तो शिकला होता, आणि तो म्हातारा पातळ पत्राच वापरायचा. पण टनांच्या राज्यात त्याची ती शिकवण कुणाला लागली नाही.

पण हात आता विसरले होते. पहिलं पातेलं भट्टीत वाकडं झालं. दुसऱ्याचा तळ फुगला. अकराव्याचं इनॅमल तडकलं. सहापैकी चार आठवडे असेच गेले. मग त्याला आठवलं की म्हातारा तळाला आतून अगदी जरासा उचलून ठेवायचा, म्हणजे तापल्यावर तो आपोआप सपाट बसतो. गिझीमावशीने लगदा पातळ केला आणि एका झटक्याऐवजी दोन हलके झटके देऊ लागली. दोघं एकमेकांशी भांडत आणि एकमेकांच्या डब्यातलं खात. तिच्याकडे कांदा आणि चरबी लावलेला पाव असायचा, त्याच्याकडे सॉसेज.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सदतिसावं पातेलं माझ्यावर आलं. भोवती सगळे जमले होते. आयुष्यभर माझी दांडी वर जावी म्हणून ज्याने जिवाचं रान केलं, तो मिस्त्री आता ती उठू नये म्हणून मुठी आवळून उभा होता. सरकतं वजन दीड किलोवर ठेवलं होतं. दांडी हलली नाही, म्हणजे पातेलं दीड किलोच्या आत होतं. त्याने वजन मागे सरकवलं तेव्हा ती तरंगली. एक किलो चारशे दहा.

गिझीमावशीने त्यात कँटीनमधून आणलेलं घेवड्याचं गरम सूप काठोकाठ ओतलं, पट्टी बांधलेल्या हाताने पातेलं उचललं, थेट मिस्त्रीपर्यंत चालत गेली आणि म्हणाली, "घ्या. असलं पातेलं मी माझ्या घरी नेईन."

मिस्त्री रडला. मला अश्रूंचं वजन करता येत नाही, नाहीतर तेही सांगितलं असतं.

नमुना पसंत पडला. दुसरी भट्टी पेटली, मग तिसरी. गेलेल्यांपैकी साठ माणसं परत आली. पण आमच्या ट्रकला सरहद्दीवर दर वेळी दिवसभर तिष्ठत उभं राहावं लागे. तिथे पेट्या उतरवत, उघडत आणि पुन्हा त्यांचं वजन करत. माझ्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. हे मला किती लागायचं, ते कुणाला सांगणार?

दोन हजार चार सालच्या मे महिन्यात आमचा देश संघात गेला. पहिल्या सोमवारी ओदोन ड्रायव्हर पहाटेच माल घेऊन निघाला. नऊच्या सुमारास फोन वाजला. फोन माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. सरहद्द ओलांडून पुढे आलोय, तो सांगत होता.

सिलार्दला खरं वाटेना. काहीतरी घोटाळा झाला असणार, परत फिर, असं तो म्हणू लागला. मिस्त्रीने त्याच्या हातातून फोन घेतला.

"ओदोन, नीट सांग. पेट्या उतरवल्या?"

"नाही."

"मोजल्या?"

"नाही हो. पासपोर्ट बघितला आणि जा म्हणाले."

मिस्त्रीने फोन ठेवला, माझ्याजवळ आला आणि माझ्या दांडीवर हात ठेवला. "ऐकलंस ना?" तो म्हणाला. "इथला आकडा तिकडे चालला."

आता बाहेर पडायच्या दारात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. मी आत कोपऱ्यात असतो. नव्या घडणीचं पहिलं पातेलं मात्र अजून माझ्यावरच ठेवतात. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कुठल्याही देशात पातेलं घ्यायला गेलात, तर चकाकी आणि रंग बघण्याआधी ते एकदा हातात उचलून बघा. तुमच्या मनगटाला ते पेललं, तर त्यामागे कुणीतरी सदतीस वेळा घाम गाळलेला असतो. तो घाम कुठल्याच काट्यावर चढत नाही.