कानात सांगा, भुरू ऐकतो

मी एक जुना कापडी ससा आहे. हात घालून नाचवायचा ससा. बाईंच्या मुलाचा स्वेटर आखूड झाला, तेव्हा त्याच्या बाहीपासून बाईंच्या सासूबाईंनी मला शिवलं. एक डोळा कोटाच्या बटणाचा, दुसरा सदऱ्याच्या, त्यामुळे मी जन्मापासूनच थोडा तिरळा. कान मात्र त्यांनी लांबलचक केले आणि आत चिंध्या ठासून चांगले ताठ बसवले. नाव ठेवलं भुरू. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. माझ्याजवळ तसली गोष्ट नाही.

बाई दुसरीच्या वर्गाला शिकवत. शुक्रवारचा शेवटचा तास माझा असे. त्याला म्हणायचे 'कानगोष्टीचा तास'. मुलांनी एकेकाने पुढे यायचं आणि मनातलं माझ्या कानात सांगायचं. "भुरूला सांगितलेलं बाईसुद्धा ऐकत नाहीत हं!" असं बाईंनी वचन दिलं होतं, आणि ते त्यांनी पाळलं. हात माझ्या पोटात, नजर खिडकीबाहेर. मूल बोलून झालं की बाई माझी मान हलवत आणि बारीक आवाज काढून म्हणत, "हो का? मग आपण सगळ्यांशी छान वागूया!"

कोणी सांगितलं, आमचा कुत्रा मेला. मग आपण सगळ्यांशी छान वागूया! कोणी सांगितलं, बाबा घरी येत नाहीत. मग आपण सगळ्यांशी छान वागूया! अहो, कान माझे होते, पण तोंड बाईंच्या बोटांत होतं. मी काय करणार, कपाळ?

कौतुक मात्र भरपूर झालं. तपासणीला आलेले साहेब माझ्या कानाला हात लावून हसले. दुसऱ्या शाळांतल्या बाई मला बघायला आल्या. माझा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लागला. मलाही वाटायचं, आपण काहीतरी मोठं काम करतोय.

त्या वर्गात एक मुलगी होती. घरचे तिला बिट्टी म्हणत, म्हणून वर्गातही तेच. बुटकीशी, गप्प. एका शुक्रवारी ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "भुरू, मुलींच्या बाथरूमला कडी नाही. मी आत गेले की वर्गातल्या मुली दार ढकलतात. मग सगळ्या बघतात. मी आता जातच नाही."

माझी मान हलली. "हो का? मग आपण सगळ्यांशी छान वागूया!" बिट्टी जागेवर जाऊन बसली.

तिच्यामागून आली मॉनिटर. दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा गणवेश, बाईंची लाडकी. ती माझ्या कानात खुदकन हसली. "दार मीच ढकलते. काय किंचाळते ती, मज्जा!" तिला पक्कं ठाऊक होतं, भुरू चुगली करत नाही. दोघींचं सगळं माझ्या कानात, आणि दोघींना उत्तर एकच.

जे व्हायचं ते झालं. एकदा कवितेच्या तासाला बिट्टीला धरवलं नाही. बाकाखाली ओल पसरली. खरं सांगतो, बाई वाईट नव्हत्या. एका शब्दाने रागावल्या नाहीत. तिला जवळ घेतलं, कपडे बदलून दिले. अर्धा वर्ग तेव्हा कवायतीच्या सरावासाठी मैदानावर नेला होता, त्यांना पत्ताही लागला नाही. बाईंनी एवढं एकच विचारलं असतं, "का गं, सुट्टीत गेली नव्हतीस?" तर तिथेच संपलं असतं. ते राहिलं. त्याऐवजी त्यांनी धडा द्यायचं ठरवलं.

शुक्रवारी माझं नाटुकलं झालं. मला निळी चड्डी घातली, तिच्यावर पाणी शिंपडलं. "भुरूची चड्डी ओली झाली! सगळे प्राणी हसले! हे बरोबर आहे का, मुलांनो?" वर्ग ओरडला, "नाऽऽही!" बाईंनी कोणाचंही नाव घेतलं नाही, याचं त्यांना केवढं समाधान! पण नाव घ्यायची गरजच काय होती? ज्यांनी पाहिलं होतं ते मागे वळून बिट्टीकडे बघू लागले. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. पाच मिनिटांत सगळ्या वर्गाला कळलं.

त्या दिवसापासून बिट्टीचं नाव पडलं भुरू. "ए भुरू, चड्डी बघ!" सुट्टीत मला कपाटातून काढायचे आणि माझं नाक तिच्या फ्रॉकवर दाबून विचारायचे, "ओली का सुकी?" माझ्याच नावाने, माझ्याच तोंडाने तिला छळलं. मित्रांनो, मला हात नव्हते, नाहीतर एकेकाला असं बदडलं असतं!

मग बिट्टीने पाणी पिणंच सोडलं. बाटली सकाळी भरलेली यायची, संध्याकाळी भरलेलीच जायची. ओठ फुटले. डोळे खोल गेले. शेवटी तिची आई वर्गाच्या दाराशी उभी राहिली. कामावरून तशीच आली होती.

"बाई, पोरीला लघवीला आग होते. तापाने फणफणलीय. डॉक्टर म्हणतात, ही पाणीच पीत नाही. शाळेत काय चाललंय?"

बाई खरोखर गांगरल्या. "अहो, असं कसं? आम्ही तर यावर वर्गात नाटुकलं केलं!"

आईने पाठ फिरवली आणि ती निघून गेली. नंतर बिट्टी एकदाच आली, आईबरोबर दाखला न्यायला. मोठी माणसं बोलत असताना ती टेबलाशी आली, माझा कान ओढून जवळ घेतला आणि म्हणाली, "मी तुला सगळं सांगितलं होतं." नंतर मला पालथं टाकून निघून गेली.

पुढच्या शुक्रवारी माझी मान पुन्हा हलली. "सांगा बरं, आपल्या वर्गात दयाळू कोण कोण आहे?" झाडून सगळे हात वर. सगळ्यात आधी मॉनिटरचा. तिच्या खांद्यावर बाईंनी चांदणी लावली. टाळ्या वाजल्या.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. मी शाळेतल्या त्याच कपाटात पडून असतो. कसर लागली आहे, एक बटण गळून गेलं आहे. जाऊ दे. माझी कीव करू नका, मला तिचा वीट आहे. तुम्हाला कोणी छळत असेल तर ते चिंध्यांच्या कानात सांगू नका. जिवंत माणसाला सांगा. त्याने नुसती मान हलवली तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा, ओरडून सांगा. आणि मैत्रिणीची पाण्याची बाटली भरलेलीच घरी जात असेल, तर तिला विचारा. तिच्याबरोबर जा, दार धरून उभ्या राहा.

त्या दाराला कडी अजून बसलेली नाही. सुट्टीची घंटा झाली की ते आपटल्याचा आवाज मला इथे कपाटात ऐकू येतो. हल्ली आत कोण असतं, मला माहीत नाही. तुम्ही जाऊन बघा.