केळीच्या घडाखालची गादी

मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, पडायची! शिरपूरच्या एका व्यायामशाळेत ज्युदो शिकणारी मुले माझ्यावर पडत. १९८८ साली हाशम पिंजाऱ्यांनी कापूस पिंजून मला ठासून भरले आणि वरून ताडपत्री शिवली.

मित्रांनो, ज्युदो म्हणजे जपानची कुस्ती. आमचे लीलाधर सर भारी कडक. दारात वाकून मला नमस्कार केल्याशिवाय कुणी माझ्यावर पाय ठेवायचा नाही. तासभर चकार शब्द नाही. पण शेवटची पंधरा मिनिटे केळीच्या घडाची! सर मधोमध उभे राहत आणि मुले त्यांना केळ्यांसारखी लटकत. सर पडेपर्यंत सोडायचे नाही.

"सर पडनात रे, सर पडनात!" सर आडवे झाले, की निंबा अहिराणीत ओरडायचा.

हसता हसता अंग सैल होई आणि मग पडून कुणालाच लागत नसे. "शिस्त पाय रोवायला, मजा पडायला. दोन्ही पाहिजे," असे सर म्हणत. मी त्या शब्दावर विश्वास ठेवला, हीच माझी चूक.

सर्वांत आधी लटकायची ती सकीना, हाशमभाईंची मुलगी. तिची आई नूरबी तिला बजावून होती, "पिवळा पट्टा मिला तो आगे सीख, नहीं तो सिलाई के क्लास में बैठ." म्हणून ती रोज माझ्यावर शंभरदा पडायची आणि शंभरदा उठायची.

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेच्या दिवशी मुलांची भीती जावी म्हणून सरांनीच घडाचा खेळ लावला. सर खाली, मुले वर, नुसता हशा. तेवढ्यात नाशिकचे परीक्षक तासभर आधीच दारात येऊन उभे राहिले.

"ही शिस्त का तुमची?"

सर कपडे झटकत उठले. त्यांनी मान वर केली नाही. "ही सकीना, साहेब. हिचेच चाळे. ऐकतच नाही."

खोटे! साफ खोटे! माझ्या अंगातला कापूस पेटल्यासारखा झाला. पण गादीला तोंड कुठले? निंबाला तोंड होते, तोही मूग गिळून बसला. परीक्षकांनी सकीनाचे नाव खोडले.

"सर, तुम्हीच तर बोलावलं होतं ना?" एवढेच ती म्हणाली. मग दारापर्यंत गेली, वळली आणि वाकून मला नमस्कार केला. सरांना केला नाही. ती पुन्हा कधी आली नाही.

सरांनी घडाचा खेळ बंद केला. मुले ताठ अंगाने पडू लागली. निंबाचे मनगट मोडले, आणि एकेक जण येईनासा झाला. आता माझी शिवण उसवली आहे, उंदीर कापूस ओढून नेतात. त्याचे मला एवढे दुःख नाही.

मित्रांनो, शिस्त पाळा, मजाही करा. पण कुणी जाब विचारला, तर "मीही खेळत होतो" असे म्हणायला लाजू नका. सर अजून संध्याकाळी एकटेच येतात आणि दारात वाकून मला नमस्कार करतात. मला तो नको आहे. वाकायचेच होते, तर त्या दिवशी त्या पोरीसमोर वाकायचे होते.