मलेरिया नसलेली काच

काशीरामने रक्ताची जुनी काच पेटीतून काढून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि जे दिसू नये म्हणून तो देवाला आळवत होता, नेमकं तेच दिसलं. मोठाल्या, जांभळ्या, कोवळ्या पेशी. आज सकाळी घेतलेल्या रक्तात होत्या, तशाच दीड महिन्यापूर्वीच्या या काचेतही होत्या. काचेवर नाव राहीचं, आणि सोबतच्या कागदावर काशीरामच्याच अक्षरात 'मलेरिया नाही'.

खोटं त्यात काहीच नव्हतं. मलेरिया नव्हताच. त्र्याऐंशी सालच्या त्या तापाच्या हंगामात रत्नागिरीच्या या प्रयोगशाळेत गावोगावच्या काचा गठ्ठ्यांनी येत होत्या आणि बघणारा काशीराम एकटा. मलेरियाची काच म्हटलं की मलेरियाच शोधायचा, नाही दिसला की पुढची घ्यायची. वीस वर्षं घाण्याच्या बैलागत फिरल्यावर माणसाला आजूबाजूचं दिसेनासं होतं. त्याला फार थकल्यासारखं वाटलं.

राही वरच्या वॉर्डात होती, एकोणीस वर्षांची. तिचा बाप, नाटे गावचा केरू, बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टरांनी मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली होती, पण त्यांचं बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. काशीरामने त्याला आत बोलावलं.

"हाडाच्या आत मगज असतो, केरूदादा. रक्त तिथं तयार होतं. पेशी तिथं पिकतात, मग बाहेर येतात. राहीच्या कोवळ्याच बाहेर येतायत, आणि थांबत नाहीत. त्यांच्या दाटीत चांगल्यांना जागाच उरत नाही. याला रक्ताचा कॅन्सर म्हणतात."

केरूने मान हलवली. "माजीच चूक. मलेरिया नाय म्हनून कागद आला, तवा मी देवाला कौल लावीत बसलो. दीड म्हयना घालवला."

गप्प राहिलं असतं तर कोणालाच कळलं नसतं. आपलं ठेवावं झाकून, ही रीत काही काशीरामने जगात आणलेली नव्हती. पण या माणसाने तो दीड महिना जन्मभर उरावर घेऊन फिरावं, हे त्याला सोसवेना.

"चूक माझी," तो म्हणाला. "ह्या पेशी तेव्हाही होत्या. काच माझ्या डोळ्यांखालून गेली, मला दिसल्या नाहीत."

केरू चिडला असता तर काशीरामला बरं वाटलं असतं.

"तवा कळला असता, तर बरी झाली असती?"

"सांगता येत नाही. आताही सांगता येत नाही. पण उद्याच्या एस.टी.नं निघा."

"माका दावा," केरू म्हणाला.

काशीरामने सकाळची काच लावली. केरू वाकला, एक डोळा मिटून बघत राहिला.

"ह्यात बरी कुठची?"

काशीराम काच हळूहळू सरकवत राहिला. दुखत्या पाठीने, मलेरियाही न शोधता, कितीतरी वेळ. शेवटी एक सापडली.

"ही बघा. मधोमध."

"ही राहीची?"

"राहीचीच."

केरूने पुन्हा डोळा लावला. बाहेर काचांचा नवा गठ्ठा येऊन पडला, तरी काशीरामने त्याला उठवलं नाही.