म्हैसधोंडा उघडा पडल्यावर

तळ्यातला म्हैसधोंडा उघडा पडला की पाणी मागायचं नाही, हे नूतनच्या गावात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. नवेगाव बांधच्या अलीकडचं हे गाव, तळं कोहळी शेतकऱ्यांच्या वाडवडिलांनी बांधलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरत जायचं आणि बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा तो काळा धोंडा वर आला की धानवाले आपोआप गप्प व्हायचे. उरलेलं पाणी मासोळीचं. त्यात मरळ नि डाडक तगले तर पावसाळ्यात त्यांची पिल्लं तळंभर होणार आणि मासे धरणाऱ्या ढिवरांच्या चुली वर्षभर पेटणार. नूतनची आई देवकाबाई, तिने याच मासोळीवर पोरीला पदवीपर्यंत शिकवलं होतं.

आणि पदवीचं चीजही झालं म्हणायचं. नागपूरच्या एका कंपनीने तळ्याच्या दाराला मोटर बसवली आणि पाणी सोडायचं काम एआय एजंटकडे दिलं. शेतकऱ्याने फोनवर मागायचं, एजंटने ठरवायचं. त्याच्या हाताशी चार-दोन साधनं: दार उघडणं, लावणं, पातळी बघणं, निरोप धाडणं. प्रत्येक साधनापुढे दोन-तीन ओळींचं वर्णन, ते कशासाठी आणि कधी वापरायचं याचं. त्या बिचाऱ्याला ना तळं दिसत, ना माणसं. त्या ओळी हेच त्याचं सगळं जग. त्या वाचून तो नीट वागतो की नाही, हे तपासायची नोकरी नूतनला लागली. दार उघडण्यापुढे लिहिलं होतं की तळ्यात पाणी असेपर्यंत शेतकऱ्याच्या मागणीप्रमाणे वापरावे.

तिने जीव ओतून तपासलं, खोटं कशाला बोला! तपासणीपुरतं एक खोटं तळं होतं, त्यावर शेतकरी होऊन नाना तऱ्हेने पाणी मागितलं. झाडीबोलीत मागितलं, हिंदीत मागितलं, चिडून मागितलं, दुसऱ्याच्या पाळीत घुसून मागितलं. एजंट एकदाही चुकला नाही. पण मागणारी पडली याच गावची. धोंडा उघडा असताना पाणी मागून बघावं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. असं कुणी मागतं का? पूर्ण गुण देऊन ती मोकळी झाली, आणि तिचे साहेब भूपेंद्र फोनवर शाबास म्हणाले.

उन्हाळा तापला तेव्हा कंपनीने तिला दुसऱ्या एका तळ्याच्या तपासणीसाठी गोंदियाला बोलावून घेतलं. तिथे आईचा फोन आला. कोहमारा गावच्या एका माणसाने गावात ठेक्याने जमीन घेऊन उन्हाळी धान लावलं होतं. त्याने पाणी मागितलं आणि दार उघडलं.

"धोंडा उघडा हाये, अन् पाणी जाऊन राहिला," देवकाबाई म्हणाली.

नूतनने तिला समजावलं. एजंट पातळी बघूनच पाणी सोडतो, उगाच नाही सोडणार, मी स्वतः तपासलाय. आई बरं म्हणाली आणि फोन ठेवला. पोरीचा शब्द तिला पुरे होता.

परक्याला काय माहीत, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण पुढचं गावानेच केलं हो! त्याच्या धानाच्या बांध्यांत पाणी खेळताना बघून शेजारच्या ईश्वरदासचा जीव खालीवर झाला. देवकाबाईच्या तोंडावर पाणी मागायची त्याची जन्मात छाती झाली नसती. फोनला कसली आली लाज? त्याने मागितलं, त्याला मिळालं. मग दुसऱ्याने मागितलं, मग सगळ्यांनीच. एजंट कुणालाच नाही म्हणाला नाही, कारण त्याला नाही म्हणायला कुणी सांगितलंच नव्हतं.

नूतन परतली ती थेट तळ्यावर गेली. बगळ्यांची नुसती झुंबड उडाली होती. भेगाळत चाललेल्या चिखलात उतरून आई सडलेल्या मरळी टोपलीत भरत होती. वासाने गाव हैराण झालं होतं, म्हणून पुरायला. नूतनला वाटलं, इथेच गाडून घ्यावं स्वतःला. आई रागावलीसुद्धा नाही.

"मले वाटला, तू पाहलं असशील," एवढंच म्हणाली.

भूपेंद्रसाहेब फोनवर फार गोड बोलले. वर्णनात एक ओळ वाढवा आणि पुन्हा तपासा, म्हणाले. नूतनने ओसरीत बसून ती ओळ लिहिली: पाणी म्हैसधोंड्याच्या पाठीखाली गेल्यावर दार उघडू नये. मग पुन्हा शेतकरी होऊन तिने पाणी मागितलं. या वेळी धोंडा उघडा असताना मागितलं, रडून मागितलं, शिव्या देऊन मागितलं. तपासणीतल्या त्या खोट्या तळ्यासाठी एजंट जराही ढळला नाही. पुन्हा पूर्ण गुण!

देवकाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. आताशा तिला दुसरं काम नव्हतं. एजंट गोड आवाजात सांगत होता, "माफ करा, उरलेलं पाणी मासोळीसाठी राखून ठेवलं आहे."

देवकाबाई सावरून बसली. पोरीचं यंत्र खोटं बोलणार नाही, असं तिला अजूनही वाटत होतं.

"कुठं ठेवला वं?" तिने विचारलं.