उजवी टाच

सुंदुसच्या हातावर खजूर ठेवता ठेवता मंडपातल्या बाईची नजर तिच्या डाव्या पायावरच्या लोखंडी पट्ट्यांवर गेली, आणि ती रडायला लागली.

"हिला आत घ्या गं. गादी घाला. आज ही आमच्याकडेच राहील."

"आम्ही पुढे जाणार आहोत," सुंदुसची आई इब्तिहाल म्हणाली.

"मागच्या मंडपालाही नाही म्हणालात म्हणे. आमचं काय चुकलं, बाई?"

चुकलं काहीच नव्हतं. नजफहून करबल्याच्या यात्रेला पायी निघालेल्यांना हाताला धरून रस्त्याकडेच्या मंडपात न्यायचं, ही इथली रीतच. पाहुणा हातचा निसटला की यजमानीण दिवसभर हिरमुसते. त्यात सात वर्षांची लंगडणारी पोर म्हणजे पुण्याची रासच. पण जिथे रडतात तिथे राहायचं नाही, हे इब्तिहालनं पहिल्याच मुक्कामानंतर ठरवून टाकलं होतं. त्या घरातून निघताना लेकीनं विचारलं होतं, "आई, मी मरणार आहे का?"

तीन शस्त्रक्रियांनंतर डॉक्टर म्हणाले होते, चालवा. घरचे म्हणत होते, उचलून घ्या. करबल्यापर्यंत सुंदुस स्वतःच्या पायांनी जाईल, हे इब्तिहालनं भरल्या घरात सांगितलं, तेव्हा तिच्या मोठ्या भावानं, मुहन्नदनं अट घातली. तो गाडी घेऊन रोज संध्याकाळी येणार. पायाला एक जरी जखम दिसली, तरी दोघींनी मुकाट गाडीत बसायचं.

म्हणून ती लेकीच्या मागून चालायची, नजर डाव्या टाचेवर. रस्त्याकडेच्या खांबांवर आकडे होते. दर दहा खांबांनंतर सुंदुसला बसवायचं, पट्टे सोडायचे, कातडी तपासायची, पावडर लावून पुन्हा पट्टे आवळायचे. कातडी अजून शाबूत होती.

अकराशे सत्त्याऐंशीव्या खांबापाशी एक म्हातारी पालथ्या खोक्यावर बसली होती. ती कुणालाच हाका मारत नव्हती.

"जागा आहे का, आजी?"

"आहे. कीमा संपलाय. रोटी नि चहा मिळेल." तिनं सुंदुसकडे पाहिलं. "ही चालते ना?"

"चालते."

"मग तो पाण्याचा जग उचल गं, आत घेऊन ये. माझी कंबर गेलीये."

सुंदुसनं आईकडे पाहिलं आणि जग उचलला. अर्धं पाणी उंबऱ्यातच सांडलं.

"उद्या कमी सांडेल," म्हातारी म्हणाली. तिला उम्म चासिब म्हणत.

चहा झाल्यावर तिनं घंगाळ आणलं. पाहुण्यांचे पाय धुतल्याशिवाय इथे कुणी झोपत नाही. डावा पाय पट्ट्यांतून सोडवून तिच्या हाती देताना इब्तिहालनं ओठ घट्ट मिटले. आता ही रडणार. म्हातारीनं पाय धुतला, पुसला, बाजूला ठेवला. मग उजव्याचा मोजा ओढू लागली आणि थांबली. मोजा टाचेला चिकटला होता. सोडवला, तर खाली फुटलेला फोड, रुपयाएवढा लाल.

"सगळं ओझं हाच वाहतोय की," म्हातारी म्हणाली. "कुणी बघितलं नाही होय?"

इब्तिहालच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "सांगितलं का नाहीस गं?"

"तू ह्या पायाचं विचारतच नाहीस."

बाहेर हॉर्न वाजला. मुहन्नद दाराशी येऊन खाकरला. उम्म चासिबनं अंगावरच्या अबायाचा काळा घोळ घंगाळावर ओढला. दोन्ही पाय झाकले गेले.

"पाय कसा आहे?" त्यानं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

इब्तिहालनं तो घोळ हळूच बाजूला केला. "ये, बघ. उजव्या टाचेला जखम आहे."

त्यानं पाहिलं. "आपलं ठरलं होतं, इब्तिहाल."

"ठरलं होतं. ते मी मोडतेय."

"वेड लागलंय तुला. लोक काय म्हणतील?"

"हा चालण्याचा फोड आहे, दुखण्याचा नाही. तू पहिल्यांदा करबल्याला चालत गेलास, तेव्हा तुझ्याही टाचेला आला होता. आई आल्यागेल्याला कौतुकानं मोजा काढून दाखवायची. तुला कुणी गाडीत घातलं होतं का?"

मुहन्नदनं पाय जरासा मागे घेतला.

"आमच्या रीतीनं पाहुणा तीन दिवस माझा," उम्म चासिब पाण्यातून हात न काढता म्हणाली. "भांडायचं असेल तर चौथ्या दिवशी ये. आता बस, चहा घे."

चौथ्या दिवशी सकाळी म्हातारीनं सुरीनं उजव्या बुटाची टाच कापून काढली. रोटीचं गाठोडं मात्र सुंदुसच्या पाठीवर बांधलं.

दारात मुहन्नदची गाडी उभी होती. काच खाली होती. इब्तिहाल गाडीजवळून पुढे गेली, लेकीच्याही पुढे. मागून आवाज येत होता, पट्ट्यांचा खट्ट, कापलेल्या बुटाचा फट्ट. खट्ट, फट्ट. तिनं वळून पाहिलं नाही.

पुढच्या मंडपापाशी आवाज थांबला. कुणी बाई हुंदके देत होती.

"रडू नका, मावशी," सुंदुस सांगत होती. "आम्ही पुढे जाणार आहोत."