सकाळच्या दोन फुंका

“फुंकून फुंकून माझाच फुगा व्हायची वेळ आली, तरी ह्याचं काही पोट भरत नाही,” भट्टीवाले काका माझी नळी तोंडाशी धरून पुटपुटले. माणसांची कुरकुर आधी मलाच ऐकू येते.

मित्रांनो, मी एक जुना स्पायरोमीटर आहे. तुमच्या छातीत किती हवा मावते आणि ती किती जोराने बाहेर येते, एवढंच मी मोजतो. कारखान्यात मला जोडलं, तपासलं आणि खोक्यात भरलं. ते खोकं बाईंनी उघडलं, त्या दिवसापासून मी त्यांचा.

बाई म्हणजे आमच्या संशोधक. भट्ट्यांच्या गल्लीतला धूर माणसांच्या फुप्फुसांचं काय करतो, हे शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. गच्चीवर हवा ओढणारा एक पंप होता. त्यातला कागद त्या स्वतः बदलत. पांढराशुभ्र लावलेला कागद उतरवताना तव्याच्या बुडासारखा झालेला असे. दरवर्षी गल्लीतली माणसं येऊन माझ्यात फुंकायची. पोरं खिदळत, म्हातारे डोळे मिटून. आकडा कमी आला की बाई तोंडावर सांगत. काकांनाही सांगितलं, भट्टीपासून लांब राहा. काका म्हणाले, मग माझ्या वाटचं तुम्ही जेवायला घालणार का? या आकड्यांमुळे बाईंचं मोठमोठ्या सभांत कौतुक झालं. चुलीवरच्या वाफेसारखं थोडं माझ्याही अंगाला लागलं.

बाईंचा एक नियम होता. रोज सकाळी आधी त्या स्वतः फुंकत, मग त्यांच्या मदतनीस ताई. धडधाकट माणसाचा आकडा रोज सारखाच यायला हवा. दोघींचाही घसरला, तर यंत्र बिघडलं असं समजायचं.

एका हिवाळ्यात बाईंचा आकडा उतरू लागला. ताईंचा जागच्या जागी होता. ताईंनी माझ्या पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं, जिन्यात अडकलेला बाईंचा खोकला ऐकला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दम राखून फुंकू लागल्या. मला कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे? मला फक्त नळी आहे.

दोघींचे आकडे उतरले, म्हणजे दोष माझा. मोजून हवा सोडणाऱ्या पिचकारीने मला तपासलं, तेव्हा मी अचूक निघालो. बाई म्हणाल्या, हा लबाड पाहुण्यांपुढेच शहाण्यासारखा वागतो. माझे वायसर बदलले, वायरी बदलल्या. खोकल्याला मात्र कोणी हात लावला नाही. नवरा म्हणे, घसा धरलाय. लेक म्हणे, दमली आहेस, आई. बाई म्हणत, खोलीत धूळ फार. मग खिडकी लावून घेतली. तरी खोकला आतच होता.

शेवटी मला कोपऱ्यात सारून वर फडकं टाकलं. मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, त्याला जपा. आणि ते नको ते सांगू लागलं, तर एकदा आपल्याकडेही बघा.

भट्ट्या गल्लीतून हलवायच्या की नाही, हे ठरवणारी समिती बसणार होती. त्या वर्षी गल्लीतल्या पोरांचे आकडे फार वाईट आले होते. बाई म्हणाल्या, “या यंत्राचे आकडे समितीपुढे न्यायचे नाहीत. सगळे काढून टाक.” म्हणजे भट्ट्या राहणार होत्या तिथेच, आणि पोरंही.

ताईंनी माझ्यावरचं फडकं काढलं, नवी नळी लावली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फुंकल्या. आकडा आपल्या जुन्या जागी जाऊन बसला.

बाईंनी आकड्याकडे पाहिलं, मग ताईंकडे.

“मी मुद्दाम हळू फुंकत होते, बाई,” ताई म्हणाल्या. “यंत्र चांगलं आहे. पोरांचे आकडे खरे आहेत. आणि तुमचाही.”